इंजिन फिरेपर्यंतचा चहा

दौंडच्या रेल्वे वसाहतीतल्या आमच्या घरात चहा कधी होणार हे घड्याळ ठरवत नसे. आई स्टोव्हपाशी बसून कान देई. पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी दौंडला आली की तिचे तोंड फिरवावे लागे. पुढचे इंजिन सोडवायचे, शेजारच्या रुळावरून मागे न्यायचे आणि दुसऱ्या टोकाला जोडायचे. तेवढा वेळ ती एवढी मोठी गाडी, डब्यांतल्या माणसांसकट, बिनचेहऱ्याची होऊन उभी राही. प्रवासी खाली उतरत, पाय मोकळे करत, चहाच्या गाड्याभोवती गोळा होत. इंजिन सोडवण्याजोडण्याचे ते काम माझे वडील करत; आम्ही त्यांना आबा म्हणत असू. इंजिन डब्यांना भिडले की जो दबका ठोका बसे, तो भिंतींतून आमच्या स्वयंपाकघरात पोचे. फळीवरच्या पितळी डब्यांची झाकणे क्षणभर किणकिणत आणि आई म्हणे, “लागलं इंजिन. आता येतील.” मग ती आधण ठेवी.

त्या चहाचा वास थरांनी येत असे. आधी ठेचलेल्या आल्याचा ओला तिखटपणा, मग विरघळत्या साखरेची ऊब, आणि सर्वांत शेवटी, उकळी वर चढताना, गवती चहाचा हिरवा, लिंबाच्या सालीसारखा दरवळ. धुण्याच्या दगडामागे, मोरीचे पाणी जिथे मुरे तिथे, आईने गवती चहाचे बेट लावले होते. त्याच्या पात्यांना धार असे. तोडताना तिची बोटे चिरत. शेजारणीने मागितली तर ती दोन पाती सहज देई, पण जुडी बांधून द्यायची ती फक्त घरातून बाहेरगावी निघालेल्या माणसाला. थोरला भाऊ नोकरीसाठी नाशिकला गेला तेव्हा त्याला दिली, आत्या सासरी परतताना तिला दिली. गवती चहाच्याच एका पात्याने बांधलेली जुडी आणि तिच्याभोवती जुन्या, मऊ धोतराचे फडके. “जिथं जाशील तिथं च्या घरचाच लागंल,” एवढेच ती म्हणे. घरी येणाऱ्याला पाणी मिळे, निघणाऱ्याला जुडी. आबा चहा बशीत ओतून, डोळे मिटून, मोठ्याने फुरके मारत पीत. त्या आवाजात दिवसभराचे लोखंड त्यांच्या अंगातून उतरताना मी ऐकले आहे.

माझ्या अंगातून मात्र काहीच उतरत नसे. आमचे आजोबा मेंढरे घेऊन दिवाळीनंतर कोकणाकडे उतरत आणि पाऊस जवळ आला की परतत. आबांनी ती फिरस्ती मोडली, रेल्वेचे पक्के घर मिळवले आणि नोकरी धरली ती दुसऱ्यांच्या प्रवासाची. त्यांनी टाकून दिलेली चाल माझ्या पायांत येऊन राहिली असावी. मी जेवता जेवता उठे, वाचता वाचता खिडकीशी जाई. रात्री मालगाडीचे डबे मोजता मोजता झोप येण्याऐवजी उडून जाई. कॉलेजात मराठी घेतले, कविता लिहिल्या, वृत्ते गिरवली. कविता शिकवणाऱ्या आमच्या बाई फळ्यावर ओळी लिहीत तेव्हा उजवीकडचा अर्धा फळा कोरा सोडत. एका मुलीने विचारले, “बाई, जागा आहे की, पुढे लिहा ना.” बाईंनी खडू खाली ठेवला आणि म्हणाल्या, “ती जागा कवितेचीच आहे.” वर्ग हसला. मी हसले नाही. त्या कोऱ्या अर्ध्यात मला ओळींहून अधिक काही ऐकू येत होते. काय, ते सांगता येत नव्हते. ते सांगायचे साधन मला पुढे भलत्याच ठिकाणी सापडणार होते.

बी.ए. झाले आणि घरात स्थळांची ये-जा सुरू झाली. त्या फेऱ्यांतून पळायचे म्हणून मी मिठाईच्या दुकानावरच्या कॉम्प्युटर क्लासला नाव घातले. देवळात शिरावे तसे चपला बाहेर काढून आत जायचे, जाड पडदा सारायचा, आणि त्या थंड, अंधाऱ्या खोलीत पडद्याआडच्या देवासारखी निळी चौकट उजळायची. खालून जिलेबीच्या पाकाचा वास जिन्यावरून चढत येई आणि त्या थंडीत गोठून राही. मी तिथे मराठी टंकलेखन शिकले. शुद्धलेखन बरे होते, म्हणून शिरूरच्या एका प्रेसमध्ये लग्नपत्रिका जुळवायचे काम मिळाले. आई शिरूरला घोडनदीच म्हणे. “घोडनदी म्हंजी काय परदेश हाय का,” असे स्वतःलाच समजावत तिने माझी पिशवी भरली, आणि पिशवीत, अर्थातच, जुडी ठेवली. सोमवारी पहाटे एस.टी.ने पाटसवरून चौफुल्याला यायचे, तिथे गाडी बदलायची, न्हावऱ्याच्या रस्त्याने उसाच्या ट्रॅक्टरांमागे रखडत शिरूर गाठायचे, आणि शनिवारी त्याच रस्त्याने परत. आठवडाभर एका शिक्षिकेच्या घरातली मागची खोली. त्या खोलीला पुणे-नगर रस्त्याकडे खिडकी होती आणि ट्रकांच्या आवाजाने तिची काच सतत थरथरे. मला त्या थरथरण्याचा त्रास झाला नाही. कुणीतरी माझ्याच लयीत जागे आहे असे वाटे.

प्रेसचे मालक दिलीपराव भला, घाईचा आणि नव्या गोष्टींनी भारून जाणारा माणूस. शिक्रापूर, रांजणगावकडे कारखाने वाढत होते आणि छोट्या वर्कशॉपवाल्यांना कंपन्यांचे साहेब विचारू लागले होते, तुमची वेबसाइट आहे का? दिलीपरावांनी ते हेरले. “ताई, वेबसाइट म्हणजे काय? पत्रिकाच. फक्त घरोघर वाटायला जावं लागत नाही,” असे म्हणून त्यांनी मोडेम आणला. जोडणी होताना तो आधी शिट्टी मारी, मग घशात काहीतरी अडकल्यासारखा खरखरे, मग अचानक गप्प होई. त्या शांततेत मला आबांच्या इंजिनाचा ठोका आठवे. लागलं. मी पुस्तकातून शिकले, चुकतमाकत शिकले. त्या काळी मराठी अक्षर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उमटेल याची खात्री नसे, म्हणून शीर्षकाचे चित्र करून चिकटवावे लागे. एकेक शब्द फोटोसारखा जपायचा. आज माझ्या हाताखालची मुले हे ऐकून हसतात. मला मात्र अजूनही पडद्यावर मराठी अक्षर आपसूक उमटताना पाहिले की हात किंचित थांबतो.

चार वाजले की प्रेस रिकामा होई. सगळे पुरुष रस्त्यापलीकडे बबनरावांच्या टपरीवर जात. मला दिलीपराव मायेने सांगत, “ताई, तुमचा चहा आत येईल हं.” तो आत येईपर्यंत त्यावर साय धरलेली असे. मी एकटी, पंख्याखाली, शाईच्या आणि रॉकेलच्या वासात तो पीत असे, आणि काचेपलीकडे हात हलताना, माना डोलताना, हसताना पाहत असे. परत आले की दिलीपराव म्हणत, “ठरलं ताई. निळा रंग.” किंवा, “ठरलं. फोटो वर, मजकूर खाली.” मी सकाळभर जुळवलेले पान त्या एका शब्दाने उलटेपालटे होई. महिनाभराने माझ्या लक्षात आले की या कचेरीत काम टेबलावर होत असले तरी ठरते टपरीवर. गिऱ्हाईकही थेट तिथेच येई. मग एका दुपारी, हातातला माउस तसाच सोडून, मी रस्ता ओलांडला.

टपरीवरचे बोलणे बंद पडले. बबनरावांनी गाळणी हवेत धरली होती. “ताई, आत पाठवतोच की,” ते म्हणाले. “आत निवतो, बबनराव. मी इथंच घेईन,” मी म्हणाले. त्यांनी ग्लास पुन्हा एकदा विसळला, आपल्या बनियनला पुसायचा हात मध्येच आवरला, आणि मला चहा दिला. ओठ भाजतील इतका गरम. डिझेलच्या धुरात, उभ्याने, उन्हाच्या तिरिपेत प्यालेला तो चहा माझ्या जिभेवर आजही आहे. दिवसभर वाचलेल्या अक्षरांमध्ये कुणीतरी एकदम मोठी कोरी जागा सोडावी, तसा तो होता. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशी बबनरावांनी विचारले नाही.

याच सुमारास पोपटशेठचे प्रकरण झाले. शिक्रापूरला त्यांचे वर्कशॉप होते. कारखान्यांना लागणाऱ्या लोखंडी रॅक आणि ट्रॉल्या ते करत. त्यांची वेबसाइट मी येण्याआधी दिलीपरावांनी स्वतः केली होती आणि ती अस्सल पत्रिका होती. वर गणपती, दोन्ही बाजूंना लुकलुकत्या समया, मग कैलासवासी वडिलांचे आशीर्वाद, मग भावांची आणि मेहुण्यांची मानाप्रमाणे नावे, आणि तळाशी, लहान मुलांच्या तोंडी, ‘आमच्या पप्पांच्या वर्कशॉपला यायचं हं! – चि. सोनू, चि. मोनू’. रॅक कुठेच नव्हती. ज्या कंपनीकडून मोठे काम मिळायचे होते तिथल्या साहेबाने ते पान उघडले, समया उजळायची वाट पाहिली आणि फोन करून विचारले, “लग्न कुणाचं आहे?” ते सुधारण्याचे काम माझ्याकडे आले. मी सगळे काढून टाकले. पांढऱ्या पानावर एकच रॅक, तिच्याखाली एक ओळ आणि फोनचा नंबर. उजवीकडचा अर्धा भाग कोरा. ते पान पाहताना, इतकी वर्षे पायांत वळवळणारे काहीतरी पहिल्यांदाच एका जागी उभे राहिले. मी नमुना पोपटशेठना पाठवला.

त्याच आठवड्यात आमचे मामा कारखान्याच्या कामासाठी शिरूरवरून नगरला गेले. त्यांनी एस.टी.च्या खिडकीतून मला पाहिले: टपरीवर, चार पुरुषांत, ग्लास हातात. शनिवारी मी घरी पोचण्याआधी ते पाटसहून येऊन आमच्या ओट्यावर बसले होते.

“कवितेनं सुरुवात झाली, आता टपरीवर आली,” मामा आबांना म्हणाले. “दाजी, बारामतीचं स्थळ येतंय पुढच्या ऐतवारी. त्यांच्या कानावर गेलं तर काय सांगायचं? पोरगी काय करती? च्या पिती?”

“काम करते मी, मामा. चहा कामातच येतो.”

“व्हय, ड्रायवरबी हेच म्हणत्यात.”

आबांनी बशीतला चहा आवाज न करता संपवला, आणि तेच मला मामांच्या बोलण्याहून लागले. मग म्हणाले, “शुक्रवारी मी येतो शिरूरला. सामान घिऊन येऊ. स्थळ होऊन जाऊ दे, मग बघू.” मग बघू म्हणजे काय हे वसाहतीतल्या प्रत्येक मुलीला ठाऊक होते. मी आईकडे पाहिले. ती पाठमोरी होती. तिने स्टोव्हची वात कमी केली आणि “च्या घ्या अजून,” एवढेच म्हणाली. मी त्या पाठीला होकार समजले आणि पाठीवरच रुसले. सोमवारी निघताना मी जुडीसाठी थांबलेही नाही.

शुक्रवारी आबा आले ते चारच्या ठोक्याला. दाराबाहेर माझ्या चपला पाहून ते वाकले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले. हातात आमची निळी रेक्झिनची बॅग, रिकामी असल्याने पोटात गेलेली. प्रेस ओसरला होता. काचेपलीकडे दिलीपरावांशेजारी पांढरी टोपी घातलेले पोपटशेठ हात उडवत बोलत होते, आणि माझ्या पानाचे काय चालले आहे हे मला इथून कळत होते. अजून दोन घोटांत ‘ठरलं’ हा शब्द रस्ता ओलांडून येणार होता. “आबा, बूट नका काढू,” मी म्हणाले. “चहा घेऊ.” नाड्या पुन्हा बांधून ते माझ्यामागून आले. रस्ता ओलांडताना त्यांनी सवयीने दोन्हीकडे पाहिले, रूळ ओलांडताना पाहत तसे.

“या ताई, या!” पोपटशेठ लांबूनच ओरडले. “काय ओ, लगीन मोडलं का काय आमचं? सगळी पत्रिकाच पुसली!”

“तुमचं लगीन कवाच झालंय, शेठ. आता कोण मोडतंय,” बबनराव म्हणाले.

“तू च्या गाळ. ताई, थोरल्या भावाचं नाव कुठाय? वडलांचा आशीर्वाद कुठाय? नुसतं पांढरं पांढरं. रंग संपला व्हय तुमच्या कॉम्प्युटरातला?”

दिलीपराव ओशाळून म्हणाले, “जुनंच ठेवू, शेठ. ताईंचं जरा कवितेचं डोकं आहे.”

शेजारी आबा बॅग काखेत धरून उभे होते. मी हातातला चहा टपरीच्या फळीवर ठेवला.

“शेठ, तुमच्या घरी पाहुणा आला तर आधी काय देता?”

“पाणी. आन् काय?”

“तांब्या हातात द्यायच्या आधी भावकीची नावं सांगता?”

“सांगीन की!” टपरी हसली. “न्हाई... आधी पाणी.”

“मग?”

“मग च्या.”

“आणि कोण कुणाचा, थोरला कोण, मेहुणे कुठले, हे कधी निघतं?”

“ते च्या पिताना.”

“मग पहिलं पान म्हणजे पाणी, शेठ. कंपनीचा साहेब रॅकसाठी तहानलेला येतो. त्याला रॅक दिसली, फोन नंबर दिसला, की त्याचा घसा ओला झाला. मग त्याला आत बोलवायचं. आतल्या पानावर चहा. तिथं वडिलांचा फोटो, थोरल्या भावाचं नाव सर्वांत वर. सोनू-मोनूसुद्धा.”

पोपटशेठनी टोपी मागे सरकवली. “आन् ते पांढरं?”

“ते अंगण आहे. दारात ट्रॉल्या लावून ठेवल्या तर पाहुणा येईल कुठून?”

एक ट्रक गेला. त्याची धूळ बसेपर्यंत पोपटशेठनी ग्लासावर तळहात धरला. “थोरल्याचं नाव जाड अक्षरात?” पोपटशेठनी शेवटी विचारले.

“जाड अक्षरात.”

“मग लावा. थोरला राजी तर आमी राजी.”

“ठरलं मग,” दिलीपराव म्हणाले. तो शब्द मी आजवर शिळाच ऐकला होता; तोंडातून बाहेर पडताना पहिल्यांदा ऐकला. पोपटशेठ आबांकडे वळले. “पाव्हणं कुठलं?”

“दौंडचा. हिचा बाप.”

“आस्सं! मग सांगा की पोरीला, गरीब गिऱ्हाइकाला एवढं घोळात घेऊ न्हाई.”

आबांनी आपला ग्लास बबनरावांकडून मागितलेल्या बशीत ओतला. “मला त्यातलं काय कळतंय,” ते म्हणाले. “पण ती बोलत व्हती तवर तुमचा च्या निवला, शेठ. साय आली बघा.” पोपटशेठनी ग्लासात पाहिले, बोटाने साय बाजूला केली आणि स्वतःच मोठ्याने हसले. आबांनी डोळे मिटले आणि बशीतला चहा प्याले. त्या गर्दीत, त्या ट्रकांच्या आवाजात, मला तो फुरका स्वच्छ ऐकू आला.

स्टँडपर्यंत मी आबांच्या एक पाऊल मागे चालले. मी बोलायला घाबरत होते. बोलण्याने काहीतरी उलटेल असे वाटत होते. चौफुल्याची गाडी लागलेली होती. “आबा, सामान भरून आणू?” मी विचारले. त्यांनी गाडीच्या पाटीकडे पाहिले. वाचता येत असूनही बराच वेळ पाहिले.

“काम पुरं झालं का तुझं?”

“नाही. आतलं पान राहिलंय.”

“मग कशाला भरती सामान.”

“बारामतीच्या लोकांना काय सांगाल?”

“पोरगी कामावर हाय म्हणून सांगीन. थांबायचं त्यांनी थांबावं.”

“आणि मामांना?”

“त्याला म्हणीन, पुढल्या टायमाला खिडकीतनं बघू नको. खाली उतर, च्या पी.” ते पायरीवर चढले, मग वळून बॅग माझ्या हातात दिली. “ही ऱ्हाऊ दे. तुलाच लागंल, जायला-यायला.” गाडी सुटली तेव्हा ते खिडकीशी नव्हते, पलीकडच्या बाजूला बसले होते. मला बरे वाटले. समोरासमोर असतो तर दोघांनाही काय करावे ते कळले नसते.

त्यानंतर मी पुष्कळ ठिकाणी काम केले: शिक्रापूर, पुणे, काही वर्षे परमुलुखात. पडदे मोठे झाले, मग हाताच्या तळव्याएवढे लहान झाले, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी विचारत आले, ही जागा रिकामी का? चार वाजले की अजूनही माझे पाय खुर्चीखाली चाळवतात आणि मी कुणाला न विचारता उठते. अस्वस्थता गेलेली नाही. तिच्याशी बोलणे मात्र जमू लागले आहे, आणि ते बहुधा उभ्याने, ग्लास हातात घेऊन होते.

पण त्या संध्याकाळचे सांगायचे राहिले. खोलीवर आल्यावर मी बॅग कॉटवर टाकली. रेक्झिनच्या वासातून दुसरा एक वास वर आला आणि मी चेन उघडली. आत, तळाच्या कोपऱ्यात, धोतराच्या मऊ फडक्यात गुंडाळलेली गवती चहाची जुडी होती, तिच्याच पात्याने बांधलेली. प्रवासात जराशी कोमेजली होती. मला घरी न्यायला निघालेल्या माणसाच्या बॅगेत आईने ती ठेवली होती. आबांना ते ठाऊक होते की नाही, हे मी कधी विचारले नाही. खिडकीची काच ट्रकांनी थरथरत होती. मी स्टोव्ह पेटवला, आधण ठेवले, आणि जुडी सोडून दोन पाती तोडायला गेले, तर माझे बोट चिरले.